मेथीच्या वाफ्यात मांजरं येतात तेव्हा

दिवाळी आटोपली की मी मेथी पेरते. २०२४ सालीही १० नोव्हेंबरच्या रविवारी परसातले दोन वाफे खणले, शेणखत मिसळलं, एकात मेथी आणि एकात धणे टाकले, वर बोटभर माती सारखी केली. बुधवारी सकाळी पाणी घालायला गेले तर मेथीच्या वाफ्यात तीन खड्डे, शेजारी उकरलेल्या मातीचे ढीग, आणि ढिगांखाली मांजरांची घाण. चौथा खड्डा धण्यांच्या वाफ्यात. पेरलेलं सगळं विस्कटून गेलेलं. मी तिथेच पायरीवर बसून राहिले.

आज सप्टेंबर उजाडलाय आणि वाफे शाबूत आहेत. मधले दहा महिने मी काय काय केलं, कशाच्या आधी काय करायला हवं होतं, किती पैसे लागले, ते सगळं लिहून ठेवतेय. मला हा क्रम आधी कुणी सांगितला असता तर निदान तीन महिने वाचले असते.

आम्ही नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि एकाही घराची भिंत शेजारच्या घराला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवता यावं. घरांमधल्या त्या मोकळ्या बोळांतून आम्हांला वारा मिळतो आणि मांजरांना रस्ता. परस चारही बाजूंनी बंद करून टाकायचं हा उपाय आमच्याकडे नव्हताच. ज्यांची घरं एकमेकांना चिकटून आहेत त्यांचं काम थोडं सोपं असेल.

पहिला महिना सांगोवांगीच्या उपायांत गेला. फाटकाशी निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. मांजरं त्यांना अंग घासून आत आली. संत्र्याच्या साली पसरल्या, त्या ओल्या होत्या तोवर दोन दिवस कुणी फिरकलं नाही, सुकल्यावर पुन्हा तेच. भाच्याने आवाजाचं एक यंत्र दिलं, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं. लहान मांजरं दोन दिवस दचकली, मोठ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कुणी म्हणालं लाल तिखट टाका. ते मात्र हात धजेना. मांजर पंजे चाटतं, तेच पंजे तोंडावरून फिरवतं, ते तिखट डोळ्यांत जाणार हे दिसत होतं.

पण फिनाईल मी टाकलं. रोज संध्याकाळी वाफ्याच्या कडेने, दहा दिवस. डांबरगोळ्याही ठेवल्या. पुढे प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की फिनॉलसारखी द्रव्यं शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते ती मांजरांमध्ये फारच तोकडी असते. कुत्र्याला किंवा माणसाला जे सहन होईल त्याने मांजर आजारी पडतं, मरूही शकतं. डांबरगोळ्यांचं तेच, तीव्र वासाच्या तेलांचं तेच, आणि कॉफीचा चोथाही विषारी. ते ऐकून मला रात्री झोप आली नाही. त्या दहा दिवसांत कुठलं मांजर कुठे जाऊन पडलं असेल का, हे मला कधीच कळणार नाही. हा प्रयोग कुणीही करू नका, एवढं कळकळीने सांगते.

१५ डिसेंबरला पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला दिवस गेले होते. जुलैच्या मध्यावर तारीख, आणि सातव्या महिन्यात ती माहेरी येणार. आनंद तर झालाच, पण फोन ठेवल्यावर माझी नजर मागच्या दारातून वाफ्याकडे गेली आणि पोटात गोळा आला. गरोदर बाईने मांजराच्या घाणीपासून लांब राहावं, एवढं ऐकून माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

लेकीने तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं आणि मला सगळं नीट समजावलं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असतो. मांजराला त्याची पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडीसदृश बीजं पडतात, नंतर सहसा नाही. म्हणजे प्रत्येक मांजराची प्रत्येक वेळची घाण धोक्याची नसते. पडल्यापडल्या ती बीजं लागण करू शकत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पण एकदा मातीत मिसळली की महिनोन्‌महिने टिकतात. गरोदरपणात आईला नव्याने लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. आणि ही लागण नीट न धुतलेल्या भाजीतून, अर्धकच्च्या मांसातूनही होते. “आई, मांजराला घाबरू नकोस, मातीला घाबर,” असं ती म्हणाली. तेव्हापासून घाण दिसली की त्याच दिवशी, रबरी हातमोजे घालून, मातीसकट उचलायची हा नियम झाला. परसातली भाजी तीन पाण्यांनी धुवायची. आणि लेकीने आल्यावर मातीत हात घालायचा नाही.

मे महिन्यापर्यंतचा वेळ हातात होता.

२१ डिसेंबरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बरोबर मांजर नव्हतं, नुसता सल्ला हवा होता. त्यांनी तपासणीचे ५०० रुपये घेतले आणि अर्धा तास दिला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मांजरं किती आहेत?” मला सांगता येईना. पाच? दहा? ते म्हणाले, आधी आठवडाभर वहीत लिहा, मग बोलू. मांजर घाण करायला मोकळी, कोरडी, नुकतीच खणलेली माती शोधतं. तुम्ही वाफा तयार करता तो नेमका तसाच असतो. शिवाय एकदा तिथे वास राहिला की ते पुन्हा तिथेच येतं. आणि जोवर पिल्लं होत राहतील तोवर एकाला हुसकलं तर दुसरं येईल.

मी सात दिवस पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊला मागच्या खिडकीत वही घेऊन बसले. ह्यांनी एक युक्ती सुचवली: कुंपणाच्या भिंतीवर आणि न्हाणीघराच्या कौलांच्या कडेला पांढरी रांगोळी भुरभुरायची. सकाळी पावलं उमटलेली दिसायची. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. मांजरं दोनच वाटांनी येत होती, मागच्या भिंतीवरून आणि जांभळाच्या फांदीवरून. फाटकातून कुणीच येत नव्हतं, जिथे मी बाटल्या ठेवल्या होत्या.

वहीत शेवटी पाच मांजरं भरली. एक तिरंगी मांजरी, तिची अंदाजे सहा महिन्यांची दोन अर्धवट पिल्लं, एक दांडगा पिवळा बोका, आणि एक काळी, जिच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. मला वाटलं कुणाशी तरी भांडली असेल. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की नसबंदी झालेल्या भटक्या मांजराची ती खूण असते, भूल दिलेली असतानाच टोक काढतात, म्हणजे तिला पुन्हा पकडून भूल द्यावी लागत नाही. तेव्हापासून मी रस्त्यावरच्या प्रत्येक मांजराचा आधी कान बघते.

वहीत अजून एक गोष्ट दिसत होती. पाचही मांजरं रात्री नऊच्या सुमारास एकदम यायची. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकू त्या वेळी भात आणि मासळीची डोकी घालत. जेवण झालं की मांजरं भिंत ओलांडून माझ्या वाफ्यात उतरत.

हे मला कळूनही मी पंधरा दिवस त्यांच्याकडे गेले नाही. तक्रार केल्यासारखं होईल, अशी भीती. शेवटी संक्रांतीला, १४ जानेवारीला, तिळगूळ घेऊन गेले. चौकातल्या हळदीकुंकवाला काकू येत नाहीत. काका गेले त्याला दोन वर्षं झाली. मी मुद्दाम संध्याकाळी त्यांच्याकडे बसायलाच गेले.

बोलता बोलता वाफ्याचा विषय काढला आणि काकूंचा चेहरा बदलला. “तू त्यांना न्यायला गाडी बोलावणार आहेस ना?” त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी सांगितलं. काकांचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि त्या रात्री नऊ वाजता, काकांच्या जेवणाच्या वेळेला, त्यांनी सवयीने दोन ताटं घेतली. तिरंगी तेव्हा पिल्लू होती, व्हरांड्यात येऊन बसली होती. काकूंनी दुसरं ताट तिच्यापुढे ठेवलं. तेव्हापासून नऊची वेळ चुकली नव्हती.

मी लेकीबद्दल सांगितलं. कापलेल्या कानाबद्दल सांगितलं. मांजरांना कुठेही न्यायचं नाही, ऑपरेशन करून इथेच परत आणायचं, असं तीन-चारदा सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिला दर वेळी पिल्लं होतात आणि दर वेळी दोन-तीन मरतात. मी पुरते जांभळाखाली.” त्यांनी तिळगुळाची वाटी परत केली तेव्हा त्यात साखर घातलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. जेवण रोज नऊलाच, पण त्यांच्या अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, माझ्या भिंतीपासून सर्वांत लांब. वीस मिनिटांत ताट उचलायचं, उरलंसुरलं राहू द्यायचं नाही, नाहीतर उंदीर आणि नवी मांजरं येतात. तुमच्याकडेही कुणी खायला घालत असेल तर आधी त्यांच्याशी बोला, जाळी-बिळी नंतर. पिंजऱ्यात मांजर यायला लागेल तेव्हा ज्यांच्या हातचं ते खातं त्यांच्याशिवाय तुमचं पान हलणार नाही.

रहिवाशांच्या बैठकीत मी हा विषय मांडला, कारण मला सगळ्यांच्या सह्यांचं पत्र हवं होतं. तिथे एक गृहस्थ म्हणाले, एवढं कशाला, मासळीत काहीतरी कालवून ठेवा, आठवड्यात प्रश्न मिटेल. माझे हातपाय थरथरायला लागले. मी घरून लिहून नेलेला कागद वाचला: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कुठल्याही प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा वेगळाच. लांब नेऊन सोडणं हाही उपाय नाही, अनोळखी जागी त्यांना खायला मिळत नाही, तिथली मांजरं टिकू देत नाहीत, आणि इथली जागा रिकामी झाली की दुसरी येतात. बैठकीत कुणी वाद घातला नाही. सतरा घरांनी सह्या दिल्या.

२० जानेवारीला ते पत्र आणि मांजरांच्या नसबंदीसाठी अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. अर्ज घेतला, पोच दिली. उत्तर अजून आलेलं नाही. पोच मात्र जपून ठेवा, पुढे कुणी तुम्हांला जाब विचारला तर तुम्ही रीतसर मार्गाने गेला होतात हे दाखवायला ती कामी येते. मला ती दोनदा दाखवावी लागली.

२७ जानेवारीला भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवलं. दोन पानी अर्ज होता: पत्ता, मांजरं किती, प्रत्येकाचा फोटो, खायला कोण घालतं, आणि जिथून उचललं तिथेच परत सोडीन अशी हमी. माझ्याबरोबर काकूंनीही सही केली. पिंजऱ्याची अनामत २,००० रुपये, पिंजरा परत दिला की परत मिळणारी. मांजरीच्या ऑपरेशनचे १,५०० आणि बोक्याचे १,०००, त्यातच रेबीजची लस. खाजगी दवाखान्यात मला याच्या दुपटीहून जास्त सांगितले होते. पहिली तारीख मिळाली १८ फेब्रुवारी.

आदल्या रात्री नऊला काकूंनी ताट ठेवलं नाही. मांजरं भुकेली असल्याशिवाय पिंजऱ्यात जात नाहीत, आणि भुलीसाठीही पोट रिकामं लागतं. ती रात्र काकूंना फार जड गेली. मांजरं व्हरांड्यात ओरडत होती आणि त्या आत दिवा घालवून बसल्या होत्या. मी दहा वाजता जाऊन त्यांच्याजवळ बसले.

पहाटे साडेचारला पिंजरा लावला. तळाला वर्तमानपत्र, आत जवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून आणलेले भाजलेले सुके बोंबील. त्या वासापुढे काही टिकत नाही. बाहेरून एक गडद चादर तयार ठेवली. दार पडलं की लगेच चादर टाकायची, अंधार झाला की मांजर शांत होतं. पिंजरा लावून घरात झोपायला जायचं नाही, तो कायम नजरेसमोर हवा. आधी आत शिरली ती काळी, कान कापलेली. तिला सोडून दिलं. मग पिवळा बोका. तो अर्ध्या मिनिटात गेला. मग एक अर्धवट पिल्लू, तो नर निघाला. आणि शेवटी सहाच्या सुमाराला तिरंगी.

संस्थेतल्या ताई टेम्पो घेऊन आल्या. त्यांनी चादर वर करून तिरंगीच्या पोटाकडे बॅटरी मारली आणि म्हणाल्या, “हिला सोडा. दूध पाजतेय.” तिच्या आचळांभोवतीचे केस चिकटून विरळ झाले होते. कुठेतरी पिल्लं होती. तिला तीन दिवस ठेवून घेतलं असतं तर पिल्लं उपाशी मेली असती. माझ्या मनात लगेच हिशेब सुरू झाला, लेक मे महिन्यात येणार, हिचं ऑपरेशन लांबलं तर पुढची वेत. मांजरीचे दिवस साधारण ६३ भरतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तरीही दार उघडलं. ती गेली ती सरळ काकूंच्या माळ्यावर. तिथे जुन्या गादीच्या गुंडाळीत तीन पिल्लं होती, नुकते डोळे उघडलेली, दहा-बारा दिवसांची असावीत.

तुम्ही पिंजरा लावाल तेव्हा मांजरीचं पोट आधी पाहा. मी ते एकटी असते तर चुकले असते.

बोका दुसऱ्या दिवशी परत आला. ऑपरेशननंतरही त्याचं भिंतीवर मुतणं पाच-सहा आठवडे चालूच होतं, शरीरातले संप्रेरक उतरायला तेवढा वेळ लागतो, म्हणून निराश व्हायचं नाही. दुसरं अर्धवट पिल्लू, ती मादी, ४ मार्चला. आणि तिरंगी ८ एप्रिलला, पिल्लं दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागल्यावर. ती गाभण नव्हती. तीन रात्री संस्थेत राहून ११ तारखेला पहाटे परत आली, पिंजऱ्यातून बाहेर पडली, आणि काकूंच्या व्हरांड्यात जाऊन पाठ फिरवून बसली. त्या रात्री नऊला जेवायला आली तेव्हा काकूंनी मला हाक मारून बोलावलं.

दोन पिल्लं दत्तक गेली, एक नेरुळला, एक खारघरला. तिसरी काकूंकडेच आहे. तिचंही ऑपरेशन जूनमध्ये झालं.

परसाचं काम या सगळ्याच्या बरोबरीने फेब्रुवारीपासून चालू होतं. सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर मातीवर अंथरलेल्या जाळीने. हार्डवेअरच्या दुकानातून तीन फूट रुंदीची, तीस फूट चिकन जाळी आणली, १,०५० रुपये. वाफ्याच्या मापाने कापून मातीवर सपाट पसरली, कडा आत दुमडून तारेच्या आकड्यांनी रोवल्या म्हणजे कुणाला टोचणार नाहीत, वर अर्धा इंच माती. मेथी त्या भोकांतून आरामात वर येते. मांजर उकरायला जातं, पंजा जाळीला लागतो, आणि ते निघून जातं. एवढंच. झाडांच्या आळ्यांत नारळाच्या शेंड्या आणि करवंट्यांचे तुकडे दाट पसरले, ते फुलवाल्याने फुकट दिले. खणून लगेच पेरायचं नसेल तर वाफा ओला ठेवायचा किंवा गोणपाटाने झाकायचा, मोकळी कोरडी माती एक रात्रही उघडी ठेवायची नाही. त्याआधी जुनी घाण होती तिथली वीतभर माती काढून टाकली. वास तिथेच राहिला असता तर जाळीचा अर्धा उपयोग गेला असता.

मागच्या भिंतीवर रोलर लावला. जीआय (जस्ताचा मुलामा असलेली) तार ताणून त्यात पाऊण इंची पाइप, त्यावर सैल बसणारा तीन इंची पीव्हीसी पाइप. मांजर उडी मारून वरचा पाइप पकडायला जातं, तो गर्रकन फिरतो, आणि ते अलगद परत खाली उतरतं. भिंतीच्या पलीकडे काकूंचं अंगण म्हणून त्यांची लेखी संमती घेतली. अकरा फुटांना साहित्य आणि प्लंबरची मजुरी मिळून ३,४०० लागले. फुटलेल्या काचा किंवा खिळे लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. पाइपने तेच काम होतं आणि कुणाचा पंजा फाटत नाही.

जांभळाची फांदी राहिली. आपल्या परसातलं झाड असलं तरी फांदी मनाने छाटता येत नाही, महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या कायद्याने त्याला परवानगी लागते. ३ फेब्रुवारीला उद्यान विभागाकडे फोटो, पत्त्याचा पुरावा आणि कारण लिहून अर्ज दिला. १२ तारखेला पाहणीला आले, आणि २२ तारखेला एका फांदीची परवानगी मिळाली. तोवर बुलबुलाने तिच्यावर घरटं केलं होतं. ती फांदी मी छाटली नाही. त्याऐवजी खोडाभोवती चार फूट उंचीवर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा सैल गुंडाळला, खिळा न मारता, तारेने. ३५० रुपये. त्यावर नखं रोवत नाहीत. अंडी बोक्यापासूनही वाचली. दर दोन-तीन महिन्यांनी तार सैल करावी लागते, नाहीतर खोड आवळतं.

पण नुसतं बंद करून भागत नाही. मांजराला जायला कुठेतरी जागा हवीच. काकूंच्या अंगणाच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली दोन मोठ्या घमेल्यांत रेती भरली आणि त्यात वाफ्यातली थोडी घाण झालेली माती मुद्दाम मिसळली, वास ओळखीचा राहावा म्हणून. पहिले पाच दिवस कुणी गेलं नाही. सहाव्या दिवशी रेतीत खड्डा दिसला तेव्हा मी काकूंना फोन केला, भिंतीपलीकडे राहत असूनही. घमेली रोज सकाळी साफ करायची, कागदात गुंडाळून पिशवीत बांधून घंटागाडीला द्यायची. हे काम मी करते, काकूंना वाकवत नाही.

एप्रिलअखेर वाफ्यात आठवड्याला एखादा खड्डा, तोही जाळीपाशी थांबलेला. लेक ४ मेला आली. मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची, पाय वाफ्यापासून लांब, आणि मी मेथी खुडायचे.

मग पाऊस आला. २६ मेला मान्सून मुंबईत दाखल झाला, निदान १९५० नंतर तरी इतका लवकर तो आला नव्हता. आमची काहीच तयारी नव्हती. घमेल्यांतली रेती चिखल झाली, आणि मांजरं कोरडी जागा शोधत आमच्या व्हरांड्यात आली. पायपुसण्यावर दोनदा मुतली. इथे पुन्हा हात फिनाईलकडे जातो, तो आवरायचा. मुताचा वास नुसत्या साबणाने जात नाही, अमोनियाच्या द्रवाने तर वाढतो, कारण मुतातही तोच वास असतो. एन्झाइमचा क्लीनर मिळतो, ६५० रुपयांची बाटली, त्याने वास मुळापासून गेला. घमेल्यांवर जुन्या पत्र्याचं छप्पर केलं आणि चार दिवसांत मांजरं तिकडे परतली. जूनच्या पहिल्या तारखेला पत्रा टाकायचा, असं आधी भिंतीवर लिहून ठेवलं. या वर्षी तोही उशीर ठरला असता, म्हणून तारीख १५ मे केली.

जूनच्या शेवटी खुरपणी करताना एक नवीनच प्रकार झाला. तण उपटून वाफ्याच्या कडेला ढीग घातला, त्यात खोकलीची रोपं बरीच होती. संध्याकाळी पाहते तर चार मांजरं त्या ढिगात लोळतायत, मुळं चाटतायत, कुठल्याच उपायाला न जुमानता. शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं की खोकलीच्या मुळाला मांजर वेडं होतं, ती जमिनीत आहे तोवर काही नाही, उपटली की वास सुटतो. तेव्हापासून खोकली उपटली की मी ती काकूंच्या कोपऱ्यात नेऊन टाकते.

नात १६ जुलैला झाली. दोघी सुखरूप आहेत.

खर्च: डॉक्टर ५००, जाळी १,०५०, रोलर ३,४००, पत्रा ३५०, घमेली आणि रेती ६२०, पाच ऑपरेशनं मिळून ६,५००, रिक्षा-टेम्पो १,८००, क्लीनर ६५०. एकूण १४,८७० रुपये. त्यातले ३,००० काकूंनी हट्टाने दिले, दोन घरांनी हजार-हजार. अनामत परत मिळाली.

गणपतीत एक नवीन करडी मांजरी काकूंच्या ताटाशी दिसायला लागली. तिचे दोन्ही कान पूर्ण आहेत. पोट अजून दिसत नाही, पण काकू रोज रात्री बॅटरी मारून बघतात. मी पुन्हा तो दोन पानी अर्ज भरला, काकूंनी सही केली, ९ सप्टेंबरची तारीख मिळाली आहे. बोंबील आज आणले. पिंजरा उद्या संध्याकाळी घेऊन यायचा आहे.